गोडादऱ्यात उतरलेली डबल्सची जोडी

मी गच्चीवर शेगडीवर वांगी भाजत होते तेव्हा खाली रिक्षा थांबली. रिक्षाच्या पुढे ह्यांची स्कूटर होती आणि स्कूटरवर पायापाशी एक लांबलचक पिशवी उभी केलेली. तिच्यातून तीन-चार रॅकेटच्या मुठी बाहेर डोकावत होत्या. रिक्षातून आधी एक ताडमाड माणूस वाकून वाकून उतरला. मग दुसऱ्या बाजूनं एक बुटका, भरलेल्या खांद्यांचा माणूस उतरला. दोघांनी आपापलं सामान उचललं आणि एकमेकांकडे न बघता आमच्या दाराशी उभे राहिले.

मी कठड्यावरून वाकून विचारलं, "कोण आलंय हो?"

"पाहुणे. आठवडाभर राहतील. दोन वांगी जास्त टाक," हे खालून म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळून कुलूपबिलूप तपासल्यासारखं करू लागले. ह्यांनी कुठं शब्द देऊन टाकला की हे असंच करायचे.

झालं होतं असं. हे सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. त्या मिलच्या शेठना आणि त्यांच्या चार मित्रांना टेनिसचं वेड. त्यांनी मिळून त्या हिवाळ्यात शहरातल्या इनडोअर हॉलमध्ये एक मोठी स्पर्धा भरवली होती. शाळा-कॉलेजातल्या मुलांची नव्हे, टेनिसवरच पोट असणाऱ्या खेळाडूंची. एरवी बॅडमिंटन चालायचं त्या लाकडी जमिनीवर हिरवं, गालिच्यासारखं जाड कापड अंथरून त्याचं टेनिस कोर्ट केलं होतं. आता सुरतेत कापड अंथरायला माणसांची काय कमी! पण दिव्यांचं काम अवघड होतं. चेंडू वर गेला की खेळाडूच्या डोळ्यांवर उजेड येता कामा नये आणि कोर्टावर सावली पडता कामा नये. म्हणून शेठनी ह्यांना आठवडाभर मिलमधून काढून त्या हॉलवर बसवलं होतं.

लग्नसराई ऐन भरात होती. हॉटेलांत जागा मिळेना. एकेरी खेळणारे नावाजलेले लोक आधी सोयीनं उतरवले गेले आणि जे फक्त दुहेरी खेळायला आले होते ते शेवटी उरले. शेठ ऑफिसात डोकं धरून बसले होते. समोर शिडीवर उभ्या असलेल्या ह्यांना त्यांनी सहज विचारलं, "तमारे त्यां जग्या छे?"

"छे," हे शिडीवरून म्हणाले. गुजरातीतलं छे, म्हणजे आहे.

आमच्याकडे कसली जागा? गोडादऱ्यातल्या आमच्या घरात खाली एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि वर गच्चीला लागून पत्र्याची एक खोली, जिच्यात ह्यांची वायरींची भेंडोळी असायची. शेजारच्या गाळ्यात कापडाचे यंत्रमाग चालायचे. त्यांचा खडखडाट भिंतीतून सतत येत राहायचा. आम्हाला तो ऐकू येत नसे, पण नवा माणूस आला की दचकायचा. वरच्या खोलीतली भेंडोळी आम्ही कोपऱ्यात सारली, दोन गाद्या घातल्या. खोलीत दोन गाद्या शेजारी शेजारीच बसत होत्या, मध्ये वीतभरही जागा नव्हती. उंचानं आपली गादी फिरवली आणि डोकं दाराकडे केलं. बुटक्याचं डोकं खिडकीकडे होतं. मला वाटलं, उंच माणूस आहे, पाय ताणायला जागा हवी असेल.

उंच होता कोलकात्याचा आणि बुटका हैदराबादचा. सहा-सात वर्षं ते जोडीनं खेळत होते. देशभर फिरले होते. एका डब्यातून जेवले होते, स्टेशनच्या बाकांवर पाठीला पाठ लावून झोपले होते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मात्र मी ताटं वाढली, भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि उंच माणूस मला म्हणाला, "भाभी, इनको बोलिए, सुबह आठ बजे प्रैक्टिस है."

ज्यांना बोलायचं ते त्याच्या मांडीला मांडी लावून जेवत होते. मी गोंधळून त्यांना म्हटलं, "सकाळी आठला प्रॅक्टिस आहे म्हणे."

"हौ भाबी," बुटका ताटातून वर न बघता म्हणाला. "उनसे बोलो, मेरेकु मालूम है."

मी उंचाला सांगितलं, त्यांना माहीत आहे म्हणून. त्यानं मान हलवली आणि भात मागितला. माझा समज असा झाला की टेनिसवाल्यांत अशी काही रीत असावी. मी पालिकेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीची मुलं शिकवत होते. कबड्डी आणि लंगडी यापलीकडे माझा खेळाशी संबंध नव्हता.

सासूबाईंना मात्र पहिल्याच जेवणात खटकलं. त्या अमळनेरकडच्या. तीस वर्षं सुरतेत काढूनही घरात अहिराणीच बोलायच्या. गुजराती ऐकून समजायचं, हिंदी अर्धंमुर्धं. भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, "ह्या दोन्ही पोऱ्या एकमेकसंगे बोलतस का नही वं? मुका शेतस का?"

"मुके नाहीत आई. आपल्याशी बोलतात की."

"आपलासंगे बोलतस. एकमेकसंगे नही," त्या म्हणाल्या, आणि तवा दुप्पट जोरानं घासू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाळत ठेवली. सकाळी नळ आला की उंच माणूस न सांगता खाली यायचा आणि हंडे भरून आत नेऊन ठेवायचा. सासूबाईंना हे फारच आवडलं. बुटक्याची तऱ्हा वेगळी. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्यांच्याशी गप्पा मारायचा. त्याची हैदराबादी आणि त्यांची अहिराणी कशी कोण जाणे, पण जुळायची. तो "नक्को" म्हणाला की सासूबाई खूश. "ह्याले आपली भाषा येस," असं त्यांनी गल्लीत सांगितलं. पण एक जण खाली असला की दुसरा वर असायचा. दोघे एकत्र दिसायचे ते फक्त जेवताना आणि रिक्षात बसताना, तेही रिक्षाच्या दोन टोकांना.

पहिला सामना होता त्या दिवशी ह्यांनी आम्हाला दोन पास आणून दिले. शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारी मी मोकळी. सासूबाईंनी ठेवणीतली साडी काढली. हॉलमध्ये शिरलो तर बाहेरचं ऊन एकदम विझल्यासारखं झालं, आत थंड हिरवा उजेड आणि माणसं जेमतेम. दुहेरीचे सामने बघायला कोण येतो! खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या. उंच खुर्चीवर बसलेला पंच दर थोड्या वेळानं लोकांना गप्प बसायला सांगत होता, आणि लोक तर नव्हतेच. सासूबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "कोन मरनं आठे?" इथं कोण मेलंय म्हणून.

आणि मग आमचे दोघे आले. घरात पाय ओढत चालणारी ती दोन माणसं हीच का, असं मला झालं. उंच माणूस सर्व्हिस करायचा तेव्हा त्याचा हात छताला लागेल असं वाटायचं. चेंडू दिसायचाच नाही, नुसता आवाज. बुटका जाळीपाशी कमरेत वाकून उभा. त्याचा डावा हात पाठीमागे, आणि त्या हाताची बोटं सर्व्हिसच्या आधी काहीतरी सांगायची. कधी एक बोट, कधी दोन, कधी बंद मूठ. मागे उभा असलेला उंच ते बघायचा, मान हलवायचा आणि बरोबर तसंच करायचा. प्रत्येक गुणानंतर दोघे एकमेकांकडे चालत यायचे, हाताला हात लावायचे, तोंडावर हात धरून कुजबुजायचे. समोरच्या जोडीनं चेंडू डोक्यावरून उंच उडवला की बुटका नुसता "तेरा!" म्हणायचा आणि स्वतः दुसऱ्या बाजूला पळायचा. मागे वळून तो बघायचाही नाही. त्याला खात्री असायची की तो उंच माणूस तिथं पोचलेला असणार, आणि तो पोचलेला असायचा.

सासूबाई माझा हात दाबून म्हणाल्या, "आते कसा बोली ऱ्हायनात!"

ते जिंकले. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या तेव्हा हॉलमध्ये आमच्याच टाळ्या घुमल्या. दोघांनी वर बघून हात केला. आणि तासाभरानं घरी आल्यावर उंच मला म्हणाला, "भाभी, इनसे पूछिए, नहाने पहले कौन जाएगा."

मग मात्र मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी तापीकाठावरून पोंक आणला होता. ज्वारीचा कोवळा हुरडा, हिवाळ्यात सुरतेत सगळे त्यासाठी वेडे होतात. मी गच्चीवर पोंक निवडत बसले होते. बुटका येऊन समोर बसला आणि निवडू लागला. बोटं चपळ होती त्याची. मी विचारलं, "तुमचं भांडण झालंय का?"

"नक्को पूछो भाबी."

मी पोंक निवडत राहिले. शाळेतल्या मुलांशी हेच करावं लागतं, पुन्हा विचारलं नाही की ती आपणच सांगतात. थोड्या वेळानं त्यानं सांगितलं. त्याला हैदराबादेत खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली होती. लग्न ठरलं होतं. ही त्याची शेवटचीच स्पर्धा. महिन्या-दोन महिन्यांपासून हे त्याला माहीत होतं, पण जोडीदाराला सांगायचं धाडस होईना. आज सांगू, उद्या सांगू, या गावी नको पुढच्या गावी सांगू, असं करता करता त्यानं ते दुसऱ्याच एका खेळाडूला सांगून टाकलं. आणि त्या खेळाडूनं बडोद्याला कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांदेखत उंचाचं अभिनंदन केलं. म्हणाला, तुझ्या जोडीदाराचं चांगलं झालं, आता तू कुणाबरोबर खेळणार?

"मग?"

"फिर क्या भाबी. वो मेरेकु देखा. बस देखा. तबसे बात नहीं करता."

"तुम्ही बोला ना मग आधी."

"क्या बोलूँ?" तो म्हणाला. पोंकाचे हिरवे दाणे त्याच्या ओंजळीत तसेच राहिले होते.

दुसरी बाजू मला आपसूक कळली. त्याच संध्याकाळी उंच माणूस हंडा खाली ठेवता ठेवता थांबला आणि काहीही विचारलेलं नसताना म्हणाला, "भाभी, नौकरी मिला, अच्छा हुआ. शादी करेगा, बहुत अच्छा. हमको क्यों नहीं बोला?" एवढंच. मग तो पुन्हा पाणी भरायला गेला.

मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या उंचाची बाजू घेतील, कारण हंडे तो भरत होता. पण त्यांनी आधी फळीवरून डिंकाचा डबा काढला. मग म्हणाल्या की माणूस परक्याला सांगतो आणि घरच्याला सांगत नाही, ते घरच्याची भीती वाटते म्हणून. आणि भीती आपल्याला वाटते कुणाची? ज्याचं मन दुखावेल त्याची. हे त्या अहिराणीत बोलल्या आणि लगेच मला डिंकाचे लाडू वळायला बसवलं.

मधला सामनाही ते जिंकले, तो मला शाळेच्या तपासणीमुळे बघता आला नाही. उपांत्य सामन्याला मात्र आमच्या गल्लीतल्या सहा-सात बायका निघाल्या. आमच्या घरी टेनिसवाले उतरलेत ही बातमी पलीकडच्या लिंबायत वस्तीपर्यंत पोचली होती. मागांवर दुसऱ्या पाळीला जाणारे तीन पुरुषही आधी थोडा वेळ बघून जाऊ म्हणून आले. एका रांगेत आम्ही सगळे. पंचानं गप्प राहायला सांगितलं की सासूबाई स्वतः मागे वळून सगळ्यांना दटावायच्या. एव्हाना त्या जाणकार झाल्या होत्या.

समोरची जोडी तगडी होती. पहिला सेट आमच्यांनी घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात आमचे पुढे होते, जिंकायला थोडंच बाकी होतं. उंच माणूस सर्व्हिसला उभा राहिला, चेंडू दोनदा आपटला, वर फेकला, आणि एका बाजूचे सगळे दिवे फट्कन गेले. अर्धं कोर्ट अंधारात, अर्धं उजेडात. चेंडू खाली पडून टप्पे घेत घेत अंधारात गेला.

मी ह्यांना शोधू लागले. दिवे म्हणजे हे. हे आठवडाभर एकही सामना बघू शकले नव्हते. सगळे खाली बघायचे तेव्हा हे वर दिव्यांकडे बघत असायचे. आता मला ते दिसले, भिंतीला लावलेल्या लोखंडी शिडीवरून भराभर वर चढताना, कमरेला पक्कड आणि टेस्टर. खालून शेठ ओरडत होते. भाड्यानं आणलेल्या जनरेटरकडून येणारी एक केबल तापून गेली होती, असं नंतर कळलं. समोरची जोडी पंचाशी बोलू लागली, उद्या खेळू म्हणून. थकलेले होते ते, त्यांना विश्रांती हवीच होती. पंच म्हणाला, थोडी वाट बघू.

आमचे दोघे आपल्या बाकावर येऊन बसले, नेहमीसारखे दोन टोकांना. उंच माणूस मांड्या चोळत होता. बुटक्यानं डोक्यावर टॉवेल घेतला होता. आणि मी बघते तर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. सासूबाई लाडवांचा डबा घेऊन पायऱ्या उतरून पार खाली पोचल्या होत्या.

मी मागोमाग धावले. खाली वॉचमननं त्यांना हात आडवा केला. "बा, अंदर नथी जवानुं."

"मना पोऱ्या शेतस त्या," माझी पोरं आहेत ती, असं सासूबाईंनी ठणकावलं, आणि त्याच्या हाताखालून वाकून आत गेल्या. वॉचमनला अहिराणी कळली नाही, पण तो बाजूला झाला.

त्या थेट बाकाच्या मधोमध जाऊन बसल्या. एकाच्या हातात एक लाडू, दुसऱ्याच्या हातात एक लाडू. "खा," त्या म्हणाल्या. "तोंड पाडीसन कसाले बठनात? पोटमा काही नही ते खेळशात कसं? कोन कोनले काय बोलनं, काय नही बोलनं, ते घर जाईसन पाहू. आते खा."

दोघांनी मुकाट्यानं लाडू तोंडात टाकला. डिंकाचा लाडू लवकर गिळला जात नाही. बराच वेळ दोघांचे गाल हलत राहिले. मी बाकामागे उभी राहून सासूबाईंना "चला, चला आई" म्हणत होते.

तेवढ्यात उंच माणूस सासूबाईंच्या डोक्यावरून पलीकडे बघून म्हणाला, "क्या बोला माँजी?"

"मालूम नहीं," बुटका म्हणाला. "डाँट रहे."

"किसको?"

"तुमकु."

"हमको काहे? तुमको डाँटता है."

"नक्को नक्को, मैं उनकी भाषा समझता. तुमकुच."

उंच माणूस हसला. तोंडात लाडू होता म्हणून त्याला ठसका लागला, आणि बुटका उठून त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागला. थापट्या मारता मारता थांबला. हात तसाच पाठीवर. उंच खाली बघत म्हणाला, "हमको बोलना था."

"हौ," बुटका म्हणाला. "बोलना था. हिम्मत नहीं हुई यारा."

सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं, माझा हात धरून उठल्या आणि म्हणाल्या, "चाल आते." पायऱ्या चढून वर येईपर्यंत त्यांना धाप लागली होती, पण चेहरा असा की जणू सामना त्यांनीच काढून दिला.

दिवे आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी शिट्ट्या सोडून सगळं केलं. हे वर लोखंडी पट्टीवर बसलेले होते, हात काळे, शर्ट घामानं ओला. तिथून उतरायला त्यांना सवड नव्हती, म्हणून उरलेला खेळ त्यांनी वरूनच बघितला. आठवडाभरात बघितलेला तेवढाच. नंतर ते मला म्हणायचे, वरून बघायला पाहिजे ग दुहेरी. वरून कळतं, ते दोघं दोरीनं बांधल्यासारखे हलतात. एक डावीकडे गेला की दुसरा आपोआप सरकतो. उंचाची सर्व्हिस, बुटक्याची जाळीपाशी एक झेप, आणि आमचे जिंकले. त्या दिवशी रिक्षात दोघे शेजारी शेजारी मध्ये बसले, आणि पिशव्या दोन्ही कडांना गेल्या.

त्या दिवसानंतर घरात जो काय गोंगाट सुरू झाला तो विचारू नका. सहा-सात वर्षांच्या गप्पा जणू साठून राहिल्या होत्या. कुठल्या गावी कुणाचे बूट चोरीला गेले, कुठल्या सामन्यात पंचाला झोप लागली. एकानं सांगायला सुरुवात करायची, दुसऱ्यानं तोडायचं, "ऐसा नहीं था!" उंचाची गादी पुन्हा फिरली. शेजारच्या मागांच्या खडखडाटाला त्यांनी नाव ठेवलं होतं, प्रेक्षक. "तालियाँ बजा रहे देखो," असं म्हणायचे.

अंतिम सामन्याला रविवार होता, हॉल भरलेला. पुढच्या रांगांत शेठलोक, त्यांच्या बायका, अत्तराचा वास. समोर जी जोडी होती तिच्यातला एक परदेशी होता, आणि दोघेही एकेरीतही नाव कमावलेले. खरं सांगायचं तर ते आमच्यांपेक्षा सरस होते. हे मलासुद्धा पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं. आमचे दोघे मात्र असे खेळत होते की जणू हरताहेत याची त्यांना कुणी कल्पनाच दिलेली नाही. पहिला सेट गेला. दुसरा टायब्रेकरपर्यंत खेचून त्यांनी घेतला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकाही उभ्या राहिल्या.

तिसऱ्यात हळूहळू ते मागे पडत गेले. शेवटच्या गुणावर समोरच्या परदेशी माणसानं चेंडू मारला तो दोघांच्या बरोबर मधून. दुहेरीत असा चेंडू सगळ्यांत वाईट, कुणी घ्यायचा हेच ठरत नाही. एरवी बुटका ओरडायचा, "मेरा" किंवा "तेरा". त्या क्षणी तो काहीच ओरडला नाही, आणि दोघेही झेपावले. दोन्ही रॅकेटी एकमेकींवर आदळल्या. तो आवाज वरच्या रांगांपर्यंत आला. चेंडू त्यांच्या रॅकेटींना लागून भलतीकडेच, प्रेक्षकांत गेला. उंचाच्या रॅकेटची कड तुटून लोंबत होती.

हॉल हळहळला. मी तोंडावर हात ठेवला. आणि खाली बघते तर दोघे त्या हिरव्या कापडावर बसलेले, तुटकी रॅकेट हातात धरून, आणि हसताहेत. पोट धरून. बुटका रॅकेटकडे बोट दाखवून काहीतरी म्हणायचा आणि उंच पुन्हा मागे कोसळायचा. समोरची जोडी जाळीपाशी हात पुढे करून उभी, तिला कळेना काय चाललंय. शेवटी तेही हसायला लागले. पंचानं माइकवर विजेत्यांचं नाव सांगितलं ते कुणाला नीट ऐकू आलं नाही. आम्हा गल्लीवाल्यांना तर वाटलं, आपणच जिंकलो.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी दोघांना टोपी, टॉवेल आणि नारळ दिला. उंचाच्या डोक्यावर टोपी ठेवायला त्याला गुडघ्यावर बसावं लागलं. उंचाचं तिकीट हावड्याच्या गाडीचं होतं. ती सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, भुसावळ अशी जाते. बुटक्याचं मुंबईमार्गे हैदराबादचं. पण स्टेशनवर त्यानं आपलं तिकीट खिशात घातलं आणि हावड्याच्या गाडीचं नवं काढून आणलं.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"भुसावलतक इनके साथ जाता. वहाँ से मनमाड, मनमाड से हैदराबाद. गाड़ी है ना भैया?"

"आहे, पण उलटा फेरा पडेल."

"पड़ने दो."

सासूबाईंना याचा भलताच आनंद झाला, कारण ही गाडी त्यांच्या मुलखातून जाणार होती. गाडी हलेपर्यंत त्या खिडकीशी उभ्या राहून सांगत होत्या. अमळनेर आलं की डाव्या हाताला बघा. तिथं उतरून चहा प्या, चांगला मिळतो. डब्यात पुऱ्या आहेत, आधी त्या संपवा, लाडू टिकतात. खिडकीत दोन डोकी, एक वर, एक खाली, दोन्ही हौ हौ म्हणत होती.

आमच्या घरी फोन नव्हता. नाक्यावरच्या एसटीडीवाल्याचा नंबर आम्ही दिला होता. तीन-चार दिवसांनी त्याचा पोरगा बोलवायला आला, हैदराबादहून फोन आहे म्हणून. मी आणि सासूबाई घाईघाईनं गेलो. काचेच्या त्या खोपट्यात दोघी कशाबशा मावलो.

"पोचलात का नीट?" मी विचारलं. "भुसावळहून गाडी लगेच मिळाली?"

पलीकडे तो हसत होता. "भुसावल किदर भाबी! बातें करते करते निकल गया. मालूमच नहीं पड़ा. नागपुरकु उतरा मैं."

सासूबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि काचेच्या खोपट्याबाहेर रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आनि अमळनेरले चहा पिना का नही?"